वीस टक्के कुणाचे?

शंकाकार : सरळ पैशांपासून सुरुवात करतो. दहा-अकरा वर्षं जुनी साधी गाडी घ्या, सिडकोतून शेंद्र्याला कामावर जाणारी. महिन्याला हजार किलोमीटर धावते, लिटरला १५ देते. म्हणजे ६७ लिटरच्या आसपास पेट्रोल. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीनं जून २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा आराखडा दिला. त्यात स्वच्छ लिहिलंय, की मुळात निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० ला, म्हणजे दहा टक्के इथेनॉलला, जुळवून घेतलेल्या चारचाकीत ई-२०, म्हणजे वीस टक्क्यांचं मिश्रण, घातलं तर ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल. सहाच धरा. ६७ चे ७१ लिटर झाले. चार लिटर जास्त, चारशेच्या वर रुपये, दर महिन्याला. मला कुणी विचारलं? पंपावर भाव कमी केला? २०१० मध्ये आपल्या औरंगाबादेत एका दमात दीडशे मर्सिडीज आल्या होत्या, साऱ्या देशात गाजावाजा झाला. त्या गाडीवाल्यांना या चारशे रुपयांचं काही वाटणार नाही. ज्याच्या पगारातून गाडीचा हप्ता जातो, त्याला वाटतं.

कैवारी : घट होते हे मी नाकारत नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की सात टक्क्यांच्या आसपास कमी होणारच. पण तुमचा हिशेब थोडा फुगलाय. तुम्ही निव्वळ पेट्रोलवरून एकदम ई-२० वर आला नाहीत. जून २०२२ मध्येच देशाचं सरासरी मिश्रण दहा टक्क्यांवर गेलं होतं, तेव्हा तुमची कुरकुर ऐकू आली नाही. दहावरून वीसवर जाताना उष्मांकात पडणारा फरक साडेतीन टक्क्यांचा. तुमचे चारशे दोन-सव्वादोनशेवर आले. शिवाय इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा बराच वरचा. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर तूट काही प्रमाणात भरून निघते. त्याच आराखड्यात ई-२० साठी जुळवलेल्या गाड्यांची घट एक-दोन टक्केच दिलीय. आता दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघा. आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. सरकारी आकड्यानुसार २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत इथेनॉलमुळे १ लाख ४४ हजार कोटी रुपयांचं परकीय चलन वाचलं. आणि हे काम सुरू कुठं झालं? २००१ मध्ये देशात तीन ठिकाणी प्रयोग झाले. एक उत्तर प्रदेशात, बरेलीकडे. उरलेले दोन आपल्याकडे, मिरज आणि मनमाड. ज्या मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून मराठवाड्याचे टँकर भरतात, त्याच बाजूला.

शंकाकार : मिरजेकडे मी पुन्हा येतो, विसरू नका. आधी गाडी संपवू. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानंच खुलासा केला, की काही जुन्या गाड्यांत रबरी भाग आणि गॅसकेट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, खर्च फार नाही, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जाईल. म्हणजे खर्च आहे आणि तो माझा आहे, हे कबूल. दुसरं, इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी झिरपलं तर साध्या पेट्रोलखाली ते पाणी वेगळं बसतं. ई-२० मध्ये ते इथेनॉलला आपल्याकडे खेचून घेतं आणि खाली दोघांचा थर तयार होतो. तो थर एखाद्या मोटारसायकलीत गेला की ती जागीच बंद. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीचंही तेच. मेकॅनिक हे सांगतात तेव्हा त्यांना अडाणी ठरवलं जातं.

कैवारी : अडाणी कशाला, पण त्यांच्याकडे येणारी प्रत्येक बिघडलेली गाडी इथेनॉलनंच बिघडली असंही नाही. पंपाच्या टाकीत पाणी शिरणं हा पंपचालकाच्या देखभालीचा प्रश्न आहे. एप्रिल २०२३ पासून विकलेल्या गाड्यांचे सुटे भाग ई-२० ला टिकणारे आहेत. जुन्या गाड्या आठ-दहा वर्षांत आपोआप संपतील.

शंकाकार : तोवर काय करायचं? त्याच आराखड्यात जुन्या गाड्यांसाठी ई-१० चालू ठेवण्याची कल्पना होती. ती कुठं गेली? इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचाही पर्याय ठेवा, अशी मागणी करणारी जनहित याचिका १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं फेटाळली. तुम्ही मंडळी ऊठसूट ब्राझीलचं नाव घेता. ब्राझीलनं १९७५ मध्ये सुरुवात केली आणि २००३ पासून कोणतंही मिश्रण चालेल अशा फ्लेक्स गाड्या रस्त्यावर आणल्या. आता तिथल्या पेट्रोलमध्ये तीस टक्के इथेनॉल आहे. पण तिथल्या पंपावर दोन नळ्या असतात, एकीत मिश्रण आणि दुसरीत नुसतं इथेनॉल. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या खाली गेला तर ते भरायचं, नाहीतर पेट्रोल. तिथला टॅक्सीवालासुद्धा हा हिशेब तोंडी करतो म्हणतात. आपल्याकडे हिशेब करण्यासारखं काही ठेवलेलंच नाही. बरं, भाव तरी बघा. जुलै २०२५ अखेर तेल कंपन्यांना इथेनॉल वाहतूक आणि जीएसटी धरून सरासरी ७१ रुपये ३२ पैशांना पडत होतं. एक लिटर पेट्रोलचं काम करायला दीड लिटर इथेनॉल लागतं. म्हणजे झाले १०७ रुपये, आणि त्यावर अजून पेट्रोलचे कर बसायचेत. हे स्वस्त इंधन?

कैवारी : स्वस्त म्हणून आणलंच नव्हतं असं म्हणणार नाही, आराखडा तयार झाला तेव्हा ते पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं. मक्याच्या इथेनॉलचा दर तेव्हा ५२-५३ रुपये होता, २०२४-२५ मध्ये ७१ रुपये ८६ पैसे झाला. तो दर का वाढवला? शेतकऱ्याकडे पैसा पोचावा म्हणून. ब्राझीलचं अर्धंच सांगितलंत. १९८९ मध्ये तिथं साखरेला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले आणि नुसत्या अल्कोहोलवर चालणाऱ्या गाड्या पंपांवर ताटकळत उभ्या राहिल्या. लोकांचा विश्वास परत यायला बरीच वर्षं गेली. दोन नळ्या ही नंतरची श्रीमंती आहे. आपल्याकडे गावोगावच्या लहान पंपाला दुसरी टाकी, दुसरा टँकर, दुसरा साठा परवडणार आहे का? आणि ऊसवाल्याचं ऐका. कायदा १९६६ चा : ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे. मराठवाड्यात हे चौदा दिवस किती लांबायचे हे तुम्हाला ठाऊक आहे. साखर गोदामात पडून, बँकेचं व्याज चालू, शेतकरी कारखान्याच्या दारात. इथेनॉलचे पैसे तेल कंपनीकडून तीन आठवड्यांत येतात. एवढ्या एका गोष्टीनं कारखान्यांच्या ताळेबंदाचा रंग बदलला.

शंकाकार : आता मिरज. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती कुठून सुटली होती? मिरजेहूनच. जिथून देशाला इथेनॉल शिकवलं, तिथूनच पंधरा वर्षांनी मराठवाड्याला प्यायचं पाणी पाठवावं लागलं. नीती आयोगाचाच आकडा आहे : उसापासून एक लिटर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी. पन्नास वाघिणींची ती गाडी एका खेपेला २५ लाख लिटर आणायची. भागून बघा, पावणेनऊशे लिटर इथेनॉल. पेट्रोलच्या एका टँकरमध्ये मिसळायलाही ते पुरत नाही. आणि हा आकडा दिल्लीत बसून केलेला वाटत असेल तर आपल्याच विभागीय आयुक्त कार्यालयाचा २०१९ चा अहवाल घ्या. २०१८-१९ मध्ये मराठवाड्यात ३ लाख १३ हजार हेक्टर ऊस होता, त्याला २१७ टीएमसी पाणी लागतं, सबब इथं ऊस आणि साखर कारखाने नकोत, अशी शिफारस त्या अहवालानं केली. जायकवाडीच्या नाथसागर जलाशयाचा उपयुक्त साठा साधारण ७६ टीएमसी. म्हणजे जवळपास तीन नाथसागर नुसत्या उसात. आणि त्याच नाथसागरावर अवलंबून असलेल्या या शहरात गेली कित्येक वर्षं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं. मी गाडीचं रडगाणं गातोय असं तुम्हाला वाटलं. मला खरं विचारायचं होतं ते हे.

कैवारी : विचारलंत ते बरं झालं, कारण या एका आकड्यानं फार गोंधळ घातलाय. २,८६० येतो कसा? किलोभर साखरेला सोळाशे ते दोन हजार लिटर पाणी. एका टन उसात शंभर किलो साखर, किंवा सत्तर लिटर इथेनॉल. उसाचं सगळं पाणी त्या सत्तर लिटरवर वाटलं की २,८६०. रसापासून थेट इथेनॉल केलं तर हे बरोबर. पण मळीचं काय? साखर काढून झाल्यावर शेवटी जी मळी राहते, ती सी-हेवी, तिच्यापासून टनाला दहा-अकरा लिटर इथेनॉल मिळतं आणि त्यासाठी शेतात एक टिपरूही जास्त लावावं लागत नाही. तिथं पाणी साखरेच्या खात्यावर टाकायचं की इथेनॉलच्या? मधली बी-हेवी, तिच्यात थोडी साखर सोडलेली असते, तिचा हिशेब अधलामधला. सरकारनं दरही तसेच वेगवेगळे ठेवलेत : २०२४-२५ ला सी-हेवीला ५७.९७, बी-हेवीला ६०.७३, रसाला ६५.६१. आणि ऊस लावला कुणी? इथेनॉल येण्याआधी मराठवाड्यात ऊस नव्हता? पाटाला पाणी सोडलं की ते मोकाट उसातच जातं, ही पन्नास वर्षांची सवय आहे. २०२१-२२ मध्ये आपण एक कोटी टनांच्या वर साखर निर्यात केली. ते पाणी परदेशी गेलं तेव्हा कोणी ओरडलं नाही. तीच साखर देशात इंधन झाली तर पाप?

शंकाकार : त्या निर्यातीचीही मी बाजू घेत नाही. पण साखर आणि इथेनॉल यांत एक फरक आहे. साखरेचा भाव पडतो, मग ऊस थोडाफार आटतो. इथेनॉलला सरकारनं ठरवलेला दर आणि ठरलेलं गिऱ्हाईक मिळालं की ऊस आटायचं कारणच उरत नाही. कारखान्यानं कर्ज काढून आसवनी उभारली की ती चालवायला ऊस लागणारच. मग पैठण-गंगापूरच्या पट्ट्यात दुसरं पीक घ्या असं कोण सांगणार? आणि निसर्ग ऐकत नाही. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. ७ डिसेंबरला केंद्रानं रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, आठवड्याभरात ती थोडी सैल करून १७ लाख टन साखरेची मर्यादा घातली. गाळप सुरू झालेलं, टाक्या तयार, आणि वरून हुकूम. तेलासाठी आखाताकडे बघत होतो, आता आभाळाकडे बघायचं.

कैवारी : म्हणून तर धान्य आलं. आणि इथं तुम्ही मला थांबवू नका, कारण हा माझ्या घरचा विषय आहे. माझे चुलतभाऊ कन्नड तालुक्यात मका लावतात. कन्नड, सिल्लोड, फुलंब्री, वैजापूर हा राज्यातला मक्याचा मोठा पट्टा. पावसावर येतो, एखादं संरक्षित पाणी मिळालं तर सोनं. उसाच्या तुलनेत पाणी नाहीच म्हणा. आता देशातल्या इथेनॉलमध्ये धान्याचा वाटा उसापेक्षा मोठा झालाय आणि त्यात मका पहिला. एक टन मक्यातून पावणेचारशे लिटरच्या वर इथेनॉल निघतं. मका आजवर कोंबडीखाद्यवाल्यांच्या मर्जीवर विकला जायचा. दुसरं गिऱ्हाईक आलं, जाधववाडीच्या बाजार समितीत भाव हलला. दुष्काळी तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात गाडीवाल्याचे दोनशे रुपये गेले, तर मी म्हणतो जाऊ देत. शहरानं गावाला इतकं तरी द्यावं.

शंकाकार : गेले असते तर मीही म्हटलं असतं. २०२५ च्या खरिपाला मक्याचा हमीभाव २,४०० होता. हंगामात माल आला तेव्हा बाजारात काय मिळालं? हमीभावाच्या कितीतरी खाली. तुमच्या भावांना विचारा. इथेनॉलचा दर ७१.८६ वर स्थिर आणि मका खाली. मधला पैसा कुणाकडे राहिला? त्याच्या आदल्याच वर्षी, २०२४ मध्ये, मका निर्यात करणारा देश मका आयात करू लागला होता. आता पुढचं ऐका, हे मराठवाड्याला जास्त लागतं. मक्यातून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, डीडीजीएस म्हणतात त्याला, तो प्रथिनांनी भरलेला असतो. पशुखाद्यवाले तो घेतात, कारण स्वस्त पडतो. मग सोयाबीनची पेंड कोण घेणार? सोयाबीनचं निम्म्याहून जास्त मोल पेंडीत असतं. पेंड पडली की सोयाबीन पडलं. लातूरपासून जालन्यापर्यंत ज्याच्या जोरावर कोरडवाहू शेतकरी उभा होता ते पीक हमीभावाखाली विकलं जातंय. २०२५ च्या खरिपात देशात मक्याचं क्षेत्र वाढलं, सोयाबीनचं घटलं. सोयाबीन घटलं म्हणजे खाद्यतेल बाहेरून जास्त आणावं लागणार. तुम्ही मघाशी परकीय चलन वाचवलंत ना? गाडीच्या तेलात वाचवलेलं कढईच्या तेलात परत गेलं, तर तो आकडा १ लाख ४४ हजार कोटींतून वजा केलाय का कुणी?

(लेखकाला विचाराल तर कैवाऱ्याची बाजू सगळ्यात अवघडली ती इथं. गाडीच्या ॲव्हरेजवर भांडणं सोपं आहे. एका शेतकऱ्याचं भलं दुसऱ्याच्या बांधावरून वाहून येतंय, हे उत्तर द्यायला कठीण. त्यानं दिलं ते असं.)

कैवारी : वजा केलेला मी तरी पाहिला नाही. पण सोयाबीनचं सगळं खापर मक्याच्या चोथ्यावर फोडू नका. ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आणलं. जगात सोयाबीन मुबलक, आपली पेंड परदेशात महाग. चोथ्यानं भर घातली, पण तो एकटाच कारण नव्हे. आणि समजा उद्या इथेनॉल बंद केलं, तर कन्नडचा मका कोण घेणार? तुम्हाला वाटतं विजेच्या गाड्या येतील. येऊ देत. वाळूजला बजाज आहे, बिडकीनला एथर आणि टोयोटा यायचं ठरलंय, मलाही अभिमान आहे. पण आपली निम्म्याहून जास्त वीज अजून कोळशाची, आणि आज रस्त्यावर जी कोट्यवधी पेट्रोलची वाहनं आहेत ती पुढची पंधरा वर्षं पेट्रोलच पिणार. त्यांच्यासाठी तुमच्याकडे दुसरं काय आहे?

शंकाकार : मी इथेनॉलच्या विरोधात नाहीच. सी-हेवी मळीचं घाला, मी टाळ्या वाजवीन. किडलेल्या, खाण्यालायक न राहिलेल्या धान्याचं घाला. पण अन्न महामंडळाचा तांदूळ घालता, २०२४-२५ मध्ये त्यासाठी ५२ लाख टन दिला. जायकवाडीच्या लाभक्षेत्रातल्या उसाचा रस घालता. नळीतून येताना हे सगळं एकाच नावानं येतं, हरित म्हणून. एक लिटर दुष्काळात पाणी पिऊन आलेला असतो, दुसरा फुकटच्या मळीतून. दोघांना एक नाव का?

कैवारी : कारण तुम्ही म्हणता तेवढ्यानं भागत नाही. फक्त मळीवर होतो तेव्हा आपण कुठं होतो? २००३ मध्ये पाच टक्के जाहीर केले आणि २०१३-१४ मध्ये मिश्रण होतं १.५३ टक्के. दहा वर्षं आपण तुमच्या आवडीच्या इथेनॉलवर काढली. वीस टक्क्यांना वर्षाला हजार कोटी लिटरच्या आसपास लागतं. ते मळीतून येत नाही. रस लागतो, मका लागतो, तांदूळ लागतो.

शंकाकार : हेच तर तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणजे कोणतं पीक किती लावायचं हे पाणी बघून, जमीन बघून ठरत नाही. आधी वीस हा आकडा ठरला, २०३० ची मुदत २०२५ वर आणली, आणि मग तो भरायला जे हाताशी आलं ते ओतलं. पाच टक्क्यांत जे निर्विवाद चांगलं होतं, वीसवर त्यातलं किती उरलं, हा माझा प्रश्न आहे. पंधरावर थांबलो असतो तर तांदूळ वाचला असता का? उसाचा रस वगळला तर बारा होतात का? आणि इथून पुढं पंचवीस-तीसची भाषा कशाच्या जोरावर?

कैवारी : आणि माझा प्रश्न असा की आकडा ठरवला नसता तर काही झालं असतं का? दहा वर्षांचा अनुभव सांगतो की नसतं झालं. कुणी आसवनी उभारली नसती, कुणी कर्ज दिलं नसतं, गाड्यावाल्यांनी रबर बदललं नसतं. आकडा आधी धरल्याशिवाय या देशात काही हलत नाही. कुठलं पीक, कुठल्या तालुक्यात, किती पाण्यात, ही चाळणी आता लावा; मी सही करतो. मराठवाड्यात रसाचं इथेनॉल बंद, मक्याला हमीभाव मिळाल्याचा दाखला दिल्याशिवाय कारखान्याचं इथेनॉल घ्यायचं नाही, असं कलम घाला. पण वीस मोडू नका. मोडलेला आकडा पुन्हा उभा राहत नाही.

शंकाकार : चाळणी कारखानदार लावणार? की ज्यांचे कारखाने आहेत तेच आमदार? जाऊ द्या. मी तूर्त लहान गोष्ट मागतो. पंपावर जी पावती मिळते तिच्यावर भाव, लिटर, तारीख सगळं असतं. त्याखाली दोन ओळी छापा : यात इथेनॉल किती, आणि ते उसाच्या रसाचं, मळीचं, मक्याचं की तांदळाचं. गाडीवाल्याला कळू द्या तो कशाचे पैसे देतोय.

कैवारी : छापा, माझी हरकत नाही. फक्त तिसरी ओळही घाला : उरलेलं ऐंशी टक्के तेल कुठल्या देशातून आलं आणि ते किती डॉलरला पडलं.

शंकाकार : तीही घाला. आज आपल्या शहरातल्या कुठल्याच पंपाच्या पावतीवर या तीन ओळी नाहीत.